गाणेवाल्याच्या पेटीतली धडधड

गाडीची किल्ली घरात खिळ्याला टांगलेली होती. तीन आठवड्यांत इंजिनाला कुणी हात लावला नव्हता. आणि तरीही डिकीतली ती काळी पेटी चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या तव्यासारखी तापलेली होती.

तिच्यापुढे रांग लागली होती. फाटकातून निघून ती भिंतीला वळसा घालत थेट रस्त्यावर गेली होती. एकेक जण पुढे जाई, वाकून पेटीवर तळवा टेकवी, चटका बसला की हात मागे घेई आणि लाल झालेला तळवा डोळ्यांना लावी. मग तो तळवा मागच्याला दाखवताना चेहऱ्यावर असं तेज येई, जणू परीक्षेत पहिला नंबर आला.

पेटीशेजारी खुर्ची टाकून लहरीबाबा बसले होते. अंगात शुभ्र झब्बा, हातात मण्यांची माळ, आवाज साखरेच्या पाकातून काढलेला.

"मृत्यू म्हणजे काय?" बाबा विचारत आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगत, "लहर बदलणं. रेडिओचं स्टेशन बदलतं ना, तसं. या घरचा मुलगा गेलेला नाही. स्टेशन बदलून पेटीत आलाय. हे शास्त्र आहे बरं का! परदेशात यावर मोठमोठी यंत्रं बसवलीत. आपल्याकडे श्रद्धा आहे, म्हणून आपलं यंत्रावाचून भागतं."

मग ते पेटीवर लोकरीची शाल पांघरत, माळेचे मणी ओढत काही वेळ पुटपुटत आणि अचानक विचारत, "बाळ, तू इथे आहेस ना?"

मागच्या मोठ्या स्पीकरमधून आवाज येई. धप्प! छातीत ठोका पडावा तसा. रांगेतल्या बायकांच्या तोंडून हुंदका फुटे, पुरुष एकमेकांचे दंड धरत.

रांगेत सतरावा चिमटाकाका होता. तो रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा म्हातारा कारागीर. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिमटा असे, म्हणून लोकांनी हे नाव पाडलेलं. तो इथे श्रद्धेने आला नव्हता. आदल्या दिवशी एक गिऱ्हाईक आपला चांगला चालणारा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दुकानात आलं होतं आणि हळूच म्हणालं होतं, "काका, गाणेवाल्याच्या पेटीला जे केलंत, तेच माझ्याही पेटीला करा. माझे वडील येतील असं काहीतरी."

ते ऐकून काकाच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न टेबलावर पडलं होतं. कारण गाणेवाल्याची पेटी त्यानेच दुरुस्त केली होती.

गाणेवाला म्हणजे टॅक्सी चालवणारा, चाळिशीचा, गाण्यांचा वेडा माणूस. पॅसेंजर उतरला तरी गाणं संपेपर्यंत गाडी पुढे काढायचा नाही. त्याच्या गाडीतली गाण्याची पेटी, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, जळाली, ती त्याने काकाच्या दुकानात टाकली आणि दोनच दिवसांनी गाडी धुताधुता तो खाली कोसळला. छातीत कळ आली आणि संपलं. चौथ्या दिवशी त्याची बायको दुकानात आली. "काका, त्यांची गाडी अर्धवट नको राहायला," एवढंच म्हणाली. काकाने त्याच दुपारी पेटी जोडली आणि गाडीत बसवली. जोडताना त्याला नीट दिसत नव्हतं. चष्म्याचा दोष नव्हता तो.

काकाचा नंबर आला. त्याने तळवा टेकवला. तीनपर्यंतही मोजता आलं नाही. गाणं वाजत नसताना अशी पेटी फार तर कोमट असावी. ही आतून भाजत होती. बाबांनी भोवती शिंपडलेल्या अत्तराच्या वासाखालून काकाच्या नाकाला दुसराच वास आला, करपलेल्या वार्निशचा. डिकीतलं कापड पेटीच्या कडेने तपकिरी पडलं होतं. आणि त्या अत्तरात स्पिरिट होतं. बाटलीतला एखादा जास्तीचा शिंतोडा भलत्या जागी पडला, तर शालीसकट सगळं भडकलं असतं.

"काय जाणवलं?" बाबांनी विचारलं.

"चटका," काका म्हणाला.

"भाग्यवान आहात," बाबा म्हणाले. "पुढे!"

दुकानात परतल्यावर काकाने आपली वही काढली. प्रत्येक दुरुस्तीला एक पान. गाणेवाल्याच्या पानावर लिहिलं होतं: जळालेले चार ट्रान्झिस्टर बदलले. वाजवून पाहिलं. त्याखाली जे असायला हवं होतं, ते नव्हतंच. नवे ट्रान्झिस्टर बसवले की गाणं नसताना त्यांतून किती करंट वाहावा, हे एका बारीक स्क्रूने बांधून द्यावं लागतं. तो स्क्रू त्याने फिरवलाच नव्हता. शिवाय टेबलावर तपासताना पेटी चालू राहावी म्हणून तो लाल वायरचा एक तुकडा लावायचा; तोही चिमट्यांच्या डब्यात नव्हता. म्हणजे तो आतच राहिला होता. गाडी बंद केली तरी पेटी बंद होणार नव्हती.

आणि ती धडधड? पेटी फार तापली की आतला सुरक्षेचा स्विच तिला बंद करतो. थोडी निवली की पुन्हा चालू करतो. दर वेळी स्पीकरला धक्का बसतो. धप्प. शाल पांघरली की लवकर तापते, ओलं फडकं ठेवलं की लवकर निवते. बाबा मणी ओढत नव्हता, मिनिटं मोजत होता. 'हो' हवं असेल तेव्हा ठोक्याच्या तोंडावर प्रश्न. 'नाही' हवं असेल तेव्हा ठोका पडून गेल्यावर.

काकाने वही मिटली. चाळीस वर्षांच्या कामात त्याने अशी चूक केली नव्हती. आणि जी केली, तिच्यापुढे लोक चपला काढून उभे होते.

मग त्याच्या मनात आणखी एक हिशेब आला. ही पेटी एवढा करंट खात असेल, तर गाडीची बॅटरी अर्ध्या दिवसात झोपायला हवी. इथे तर तीन आठवडे झाले. पोटात काही गेल्याशिवाय भूतसुद्धा तापत नाही. मग हिला खाऊ कोण घालतंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मागच्या दाराने गाणेवाल्याच्या घरी गेला. बायको शिवणयंत्रापुढे बसली होती, पण यंत्र चालत नव्हतं. काकाने सगळं सांगितलं. आपली चूक आधी सांगितली. तिला धक्का बसला असं वाटलं नाही. ती फक्त अधिकच थकलेली दिसली.

"पहिल्या दिवशी पेटी गरम लागली ती सासूबाईंनाच," ती म्हणाली. "त्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार पडली. त्यांनी एवढा आकांत केला की शेजारी जमले. त्यांतल्याच कुणीतरी या बाबांना आणलं. ते म्हणाले, तुमच्या रडण्याने तो दूर गेला, मी परत बोलावतो. गाडीपाशी दिवा लावला. संध्याकाळपर्यंत पेटी गरम."

"कसला दिवा?"

"विजेचा. तो विझू द्यायचा नाही, म्हणाले. अजून जळतोय."

काकाला हवं ते मिळालं होतं. पण ती खालच्या आवाजात पुढे म्हणाली, "काका, हे गेल्यापासून सासूबाई जेवल्या नव्हत्या. पेटीला हात लावून आल्या आणि मागून भात घेतला. मला काय कळत नव्हतं का? मशीन आहे, तापली असेल, हे मलाही सुचलं होतं. पण म्हटलं, खोटं असलं तरी राहू दे."

"राहू दिलं असतं गं मीही," काका म्हणाला. "पण ती पेटी पेटणार आहे. आज नाही तर उद्या."

तिने मान वर केली. "उद्या प्रवेश आहे."

"कसला प्रवेश?"

"सासूबाईंना गाडीत बसवणार. बाराच्या उन्हात, काचा बंद करून. पेटी शेजारी, दोघांवर एकच शाल. मुलगा आईच्या अंगात येईपर्यंत दार उघडायचं नाही म्हणे. तोवर शरीर शुद्ध हवं, म्हणून आठ दिवस रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात. आणि प्रवेश झाला की हे अंगण आणि पुढची खोली बाबांच्या आसनाला द्यायची. कागद तयार आहे."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मी बोलले तर त्या म्हणतात, तुला तो परत नकोय." तिने यंत्रावरचं कापड बाजूला सारलं. "याला काय उत्तर देऊ?"

काका उठला. तिथून तो सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेला. म्हातारीला त्याच औषध देत होत्या. गोळ्या बंद झाल्याचं ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बंद काचेच्या गाडीत, उन्हात, त्या वयात? अर्धा तास पुष्कळ झाला," त्या म्हणाल्या. "फ्यूज काढून टाका आजच. गुपचूप."

"काढतो. मग उद्या बाबा म्हणेल, पाप्याचा हात लागला म्हणून आत्मा रुसला. म्हातारी त्याच्या मागे मागे जाईल आणि तो दुसरी गाडी शोधील. चारचौघांत उघडं पडल्याशिवाय हे थांबायचं नाही, डॉक्टर."

"चारचौघांत तुमचीही चूक उघडी पडेल."

"पडेल," काका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काका आणि डॉक्टरीणबाई बाराच्या आधी पाऊण तास पोचले. तोवर बाबाने मुहूर्त अलीकडे ओढला होता. अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध गाडी उन्हात तापत होती. काचा वर. मागच्या सीटवर म्हातारी, डोळे मिटलेली, चेहरा बिटासारखा लाल. डिकीतली पेटी वायरींसकट उचलून तिच्या शेजारी ठेवलेली, आणि लोकरीची शाल दोघांवर.

डॉक्टरीणबाई दाराकडे धावल्या. चार जणांनी वाट अडवली.

"दार उघडलं तर आई जागच्या जागी जाईल!" बाबा गरजला. त्याच्या आवाजातला पाक आता आटला होता. "लहर तुटली की प्राण तुटतो. पाप कुणाच्या माथी घ्यायचंय?"

काकाचेही दंड कुणीतरी मागून धरले होते. त्याने झटापट केली नाही. शेजारच्या बाईला त्याने हळूच विचारलं, "शाल कधी घातली?"

"आत्ताच. तीनेक मिनिटं झाली असतील. घालतानाच आतून ठोका पडला."

तापलेल्या पेटीला शालीखाली पुन्हा बंद पडायला पाच मिनिटं लागणार. काकाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आवाज चढवला.

"बाबा, इथे सगळ्यांना प्रश्न विचारता येतो. मलाही एक विचारू द्या. तो माझा मित्र होता."

बाबाने मण्यांवरून अंगठा फिरवला. ठोका अजून यायचा होता हे त्यालाही ठाऊक होतं. आत्ता विचारलं तर पेटी गप्प राहील आणि म्हातारा तोंडघशी पडेल. "विचार," तो उदार होऊन म्हणाला.

"विचारण्याआधी मला एक कबूल करायचंय," काका म्हणाला. "ही पेटी मी दुरुस्त केली. चुकीची दुरुस्त केली. आतला करंट बांधला नाही आणि एक वायर आत विसरलो. म्हणून ती बंद होत नाही आणि म्हणून तापते. फार तापली की आपोआप बंद होते, निवली की चालू होते, आणि दर वेळी धप्प वाजते. तुम्ही तीन आठवडे ज्याला हात जोडताय, ती माझी चूक आहे. उद्यापासून माझ्या दुकानात कुणी आलं नाही तरी चालेल, पण त्या बाईला बाहेर काढा."

गर्दीत कुजबुज झाली. "पेटी बिघडलीय म्हणे." "याचंच डोकं बिघडलंय." बाबा हसला. "ऐकलंत? आत्म्याला वायर म्हणतो!"

काकाची नजर घड्याळावर होती. पंधरा सेकंद. दहा.

"गाणेवाल्या," तो ओरडला, "हा तुझ्या आईला मारायला निघालाय. हा माणूस खोटारडा आहे का?"

धप्प!

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. बाबाचा अंगठा मण्यावर थांबला. "योगायोग," तो म्हणाला. "दुष्ट लहर मध्ये घुसली."

पण या एका क्षणात गाणेवाल्याची बायको पुढे आली होती. तिने कुणाला विचारलं नाही. वाट अडवणारे तिला अडवायचं विसरले. तिने दार उघडलं, शाल ओढून टाकली आणि सासूला दोन्ही काखांत हात घालून बाहेर ओढलं. म्हातारीने डोळे उघडले आणि मुलाच्या नावाने हाक मारत पुन्हा गाडीकडे हात केला. डॉक्टरीणबाईंनी तिला सावलीत आडवं केलं, मानेला, मनगटांना ओलं फडकं लावलं.

जमिनीवर पडलेल्या शालीतून धूर निघत होता. मधोमध पेटीच्या आकाराचा काळा चौकोन उमटला होता. ते पाहिल्यावर काकाचे दंड आपोआप सुटले. त्याने बॉनेट उघडून फ्यूज उपटला.

"आता कुणीही या, कितीही प्रश्न विचारा," तो म्हणाला.

लोकांनी विचारलेही. एकाने तर हात जोडून तीनदा विचारलं. पेटी मुकी होती.

"आत्मा निघून गेला!" बाबा म्हणाला. "तुम्ही घालवलात!"

"बरं," काका म्हणाला. "मग या आत्म्याचं जेवण कुठून येत होतं तेवढं सांगा."

बॅटरीला दोन चिमटे लावलेले होते. त्यांतून निघालेली वायर त्याने बोटांनी चाचपत नेली. बॉनेटच्या फटीतून चाकामागे, सतरंजीखालून, आणि थेट त्या न विझणाऱ्या दिव्याच्या लाकडी बैठकीपर्यंत. बैठक उचलली. खाली बॅटरीचा चार्जर बसला होता, गुंगुं करत, गॅरेजमध्ये असतो तसाच. हा मात्र कुणी विसरलेला नव्हता. मुद्दाम लपवलेला होता.

"माझी झाली ती चूक," काका म्हणाला. "ही मात्र चूक नाही."

बाबाने फाटक गाठायचा प्रयत्न केला. रांगेत ज्यांनी तळवे भाजून घेतले होते, त्यांनीच त्याला धरलं. काका मध्ये पडला. "मारू नका. मारलंत तर तो हुतात्मा होईल. पोलिसांना येऊ द्या, चार्जरही त्यांच्याच हातात द्या."

पोलीस येईपर्यंत काकाने अंगणातच पेटी उघडली. चार स्क्रू काढले, लाल वायरचा तुकडा चिमट्याने उचलून सगळ्यांना दाखवला. मग मीटर लावून दोन मिनिटांपुरता फ्यूज बसवला आणि तो बारीक स्क्रू हळूहळू मागे फिरवला. मीटरचा काटा खाली खाली आला. ज्याला पाहायचं होतं त्याने जवळ येऊन पाहिलं. काही जण न पाहताच निघून गेले, त्यांतला एक जाताजाता म्हणाला, "काही असो, ऊब मात्र वेगळीच होती."

म्हातारी उठून बसली होती. गोळी घेतली होती. तिने काकाला खुणेने जवळ बोलावलं.

"मग मी इतके दिवस हात कुणाचा धरला रे?"

काका तिच्यापुढे खाली बसला. खोटं बोलायला सोपं गेलं असतं. "कुणाचाच नाही, मावशी. माझ्या चुकीचा."

तिच्या नजरेत राग होता, आणि तो रास्तच होता. मग तिने विचारलं, "तुझ्याकडे शेवटचा आला, तेव्हा काय म्हणाला तो? खरं सांग. पेटीने नव्हे, त्याने."

"म्हणाला, मागच्या सीटचा आवाज जरा कमी ठेवा. आई बसली की तिचं डोकं दुखतं."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. गेल्या तीन आठवड्यांत ती पेटीपाशी पुष्कळ रडली होती, पण असं नव्हतं रडली. सून शेजारी येऊन बसली. म्हातारीने न बघताच तिचा हात धरला.

पंधरा दिवसांनी फाटकाशी एक बाई आली. लांबून आली होती, पायांत धूळ होती. "माझी मुलगी गेली," ती म्हणाली. "इथे गेलेल्यांशी बोलता येतं असं ऐकलं. त्या पेटीला एकदा हात लावू द्या."

सून काही बोलणार, तेवढ्यात म्हातारीच काठी टेकत पुढे आली.

"बाई, ती बिघडलेली पेटी होती," ती म्हणाली. "मी शिकलेली नाही, पण एवढं शिकले. कुणी चमत्कार दाखवला ना, तर त्याला विचारायचं, झाकण उघडून दाखवतोस का? खरा असेल तर उघडील. चिडला, घाबरवायला लागला, औषध सोड म्हणाला, तर उठून घरी यायचं. आपलं माणूस गेलं म्हणून आपली अक्कल घालवायची नाही. तीही गेली तर मागे राहिलेल्यांचं कोण बघणार?"

बाई फाटक धरून उभीच राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"आत ये," म्हातारी म्हणाली. "तुझ्या मुलीबद्दल सांग मला. कशी होती?"